पिवळ्या गावातला नळ

बाटलीचं झाकण उघडलं आणि आतनं पुदिन्याचा वास आला.

अजून येतो. मला वाटलं होतं गेला असेल, इतक्यांदा धुतली, गरम पाण्यानं, सोड्यानं, तरी तळाशी कुठंतरी बसून राहिलाय. सायकलीची बाटली आहे, दाबली की पाणी येतं तसली, आणि तिच्यावरची निळी अक्षरं जाऊन आता नुसते ओरखडे राहिलेत. सायकल गॅरेजमध्ये हीटरच्या मागं भिंतीला टेकून होती. सईच्या बाबांनी ती ओढून बाहेर ड्राइव्हवेवर आणली, फोटो काढायला. फोटो ऑनलाइन टाकणार, कोणीतरी येऊन घेऊन जाईल. गॅरेज आवरायचंय म्हणे. मला माहितीय, त्यांना सोमवारपर्यंतचा वेळ आवरायचाय.

बाहेर आणल्या आणल्या सायकल पिवळी व्हायला लागली. इकडं अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात, एप्रिलमध्ये पाइनची झाडं पिवळी पूड सोडतात, गाड्या, पायऱ्या, टपालपेट्या, बाहेर ठेवलेल्या चपला, सगळं पिवळं, देवाला भंडारा उधळल्यासारखं, फक्त देव नाही आणि वाजंत्रीही नाही. सई ड्राइव्हवेवर बसून त्या पुडीत बोटानं गोल काढत होती.

"सई, कम हियर बेटा," बाबांनी हाक मारली.

सई गोल काढत राहिली.

"सई!"

तिनं अजून एक गोल काढला.

"खेळात आहे," ते म्हणाले.

"हो, खेळात आहे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

सोमवारी सईच्या कानाची मोठी टेस्ट आहे. हॉस्पिटलात, झोपवून करतात, डोक्याला वायरी लावून. आधी एक छोटी झाली होती, त्यात ती नुसती रडली, टेस्ट करणाऱ्या बाईला काही कळलं नाही आणि मला तर त्याहून नाही. जन्मली तेव्हा कान पास झाले होते, नर्सनं येऊन तसं सांगितलं होतं. मग सर्द्या झाल्या, कान वाहिले, गुलाबी औषध झालं, परत वाहिले. आता दोन वर्षं होऊन गेली आणि एक शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही, नो सुद्धा नाही, आणि इथली सगळी पोरं पहिलं नो शिकतात.

मी दिवसभर काय करते तर भांडी पाडते. ती खेळत असली की हळूच तिच्या मागं जाते आणि स्टीलचं ताट फरशीवर सोडते. कधी ती वळते. कधी नाही वळत. वळली की माझा जीव भांड्यात पडतो आणि लगेच परत बाहेर येतो, कारण मला कळत नाही ती आवाजानं वळली, का फरशी हादरली म्हणून वळली, का माझी सावली तिच्या पुढं पडली म्हणून. माझं शिक्षण दहावी, अकरावीत नाव घातलं होतं पण गेले नाही, मला यातलं काय कळतंय. पण शिकलेल्या बाईलाही कळलं नसतं, असं सईचे बाबा म्हणतात. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात.

आणि मला जे कळतंय ते मी डॉक्टरला सांगू शकत नाही. डॉक्टरनं विचारलं, पोटात असताना काही झालं होतं का, ताप, औषध, इन्फेक्शन? बाबा म्हणाले, नो, नथिंग. मी मान हलवली. इंग्लिशमध्ये काय सांगणार होते? की आम्ही फ्रान्समध्ये होतो, सायकलवर होतो, ऊन होतं, आणि मी स्मशानातल्या नळाचं पाणी प्यायले?

लग्न झालं आणि मी तासगावच्या वस्तीवरनं एकदम लियोंच्या बाहेरच्या एका गावात जाऊन पडले. यांच्या कंपनीनं यांना तिकडं पाठवलं होतं. का, किती दिवसांसाठी, ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं, आता तर विचारायचंही राहून गेलं. भाषा येत नव्हती. दिवसभर खिडकीत बसायची. खिडकीतनं दिसायची द्राक्षं. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग आला. ही काय बाग म्हणायची? आमच्याकडं बागेला मांडव असतो, तारा ओढलेल्या असतात, माणूस खाली उभा राहतो आणि घड डोक्यावर लोंबतात. आणि इथं वेली कंबरेएवढ्या, बुटक्या, वाकड्या, म्हाताऱ्या बायका रांगेत बसवल्यासारख्या. मी यांना म्हटलं, "यांना सांगा कुणीतरी, मांडव घाला म्हणावं." हे हसून हसून लोळले. म्हणाले, "चारशे वर्षं वाइन करतायत ते." मी म्हटलं, "म्हणून काय झालं?"

यांना सायकलचं वेड तिकडं लागलं. ऑफिसातले लोक रविवारी पातळ टायरच्या सायकली घेऊन निघायचे, घट्ट कपडे घालून, पन्नाशीचे बाप्येसुद्धा, आणि हे त्यांच्याबरोबर जायला लागले. मग एक दिवस जुन्या बाजारातनं माझ्यासाठी एक घेऊन आले. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. मी म्हटलं, यावर माणूस बसणार का आडवा पडणार? पण बसले. बसल्या बसल्या पायाला सगळं आठवलं.

कारण मला सायकल येत होती. वस्तीवरनं शाळेत मी सायकलनंच जायची, दोन्हीकडं बागा आणि मधनं मातीचा रस्ता, फवारणीच्या औषधाचा वास, सकाळी मांडवाखाली गार अंधार, दप्तर कॅरियरला दोरीनं बांधलेलं. बेदाण्याच्या शेडजवळ आलं की वास बदलायचा, आंबट गोड आणि नाकात झोंबणारा, त्यावरनं कळायचं शाळा जवळ आली. मग एका वर्षी सायकल धाकट्या बहिणीकडं गेली. तिनं सीट खाली करून घेतली. मी ओट्याशी उभी राहून तिची घंटी ऐकायची, बागेच्या कडेकडेनं लांब लांब जाणारी, आणि वळणाला ती हमखास दोनदा वाजवायची. ती घंटी ऐकू येईना झाली की मी भाकरी उलटायची.

तर त्या फ्रान्सच्या रस्त्यावर मी परत शाळेला निघाल्यासारखी निघाले. हे पुढं, मी मागं. चढाला माझा जीव घशात यायचा आणि उताराला पोटात. उतारावर हे ओरडायचे, "ब्रेक दाबू नकोस, सोड!" आणि मी दोन्ही ब्रेक दाबून, "मला मारायला आणलंय का इथं?" असं मराठीत बोंबलत खाली यायची, आणि रस्त्याकडेच्या गायी माना वर करून बघायच्या. त्या गायींनी माझ्याएवढं मराठी कधी ऐकलं नसेल.

गावं पिवळी होती. म्हणजे दगडच पिवळा, आख्खी गावं त्या दगडाची, घरं, चर्च, विहिरीचा कठडा, कुंपण, सगळं. दुपारी तो दगड कोल्हापुरी गुळासारखा दिसायचा आणि संध्याकाळी काकवीसारखा. भिंतींना हात लावला की दिवसभराचं ऊन हाताला लागायचं. गल्ल्या इतक्या अरुंद की हँडल घासेल. गावाच्या मधोमध कौलारू छपराखाली धुण्याची जागा, दगडी हौद, कडेला बायकांनी गुडघे टेकून टेकून खळगे पडलेले. आता कोणी धुवत नाही. पण पाणी वाहतंच आहे, कुणासाठी कोण जाणे. मी दर वेळी तिथं थांबून हात घालायची. हे म्हणायचे, "चल गं, ॲव्हरेज स्पीड बिघडतोय." मी म्हणायची, "बिघडू दे, माझा कुठं रिझल्ट लागायचाय."

पावाचा वास गावाच्या आधी यायचा. गावाच्या शेवटी गाईंच्या गोठ्याचा. सप्टेंबरात बागा तोडायला लागले की सगळ्या रस्त्यांना आंबट वास, आमच्या बेदाण्याच्या शेडचा चुलत भाऊ, आणि मी हँडलवर वाकून तो वास ओढत ओढत जायची, डोळ्यांतनं पाणी यायचं, हे विचारायचे वारा लागतोय का, मी हो म्हणायची. थंडीत छाटणी चालायची. छाटलेल्या काड्या लोखंडी गाड्यात घालून तिथंच पेटवायचे आणि धूर ओळीओळीतनं खाली उतरायचा. आमच्याकडं छाटणीच्या वेळी आण्णा, म्हणजे माझे वडील, घरी आले की त्यांच्या सदऱ्याला चीक आणि हिरवा वास असायचा. तो सदरा मी धुवायची. तिकडच्या धुरात मला तो सदरा दिसायचा.

आणि घंटा. प्रत्येक गावाच्या चर्चला घड्याळाची घंटा असायची, आणि ती तास दोनदा वाजवायची. म्हणजे बारा वाजले की बारा टोले, मग जरा वेळ सगळं शांत, आणि परत तेच बारा टोले. पहिल्यांदा मला वाटलं घड्याळ बिघडलंय. यांनी ऑफिसात विचारून आणलं. म्हणाले, "शेतात काम करणारा माणूस नादात असतो, पहिल्यांदा त्याला ऐकू येत नाही, किंवा ऐकू येतं पण मोजायचं राहून जातं. म्हणून त्याच्यासाठी परत." मला ते इतकं आवडलं. एवढं मोठं गाव, आणि ज्याला ऐकू आलं नाही त्याच्यासाठी थांबतंय.

आता लिहिताना तेच वाक्य मला टोचतंय, पण तेव्हा आवडलं होतं.

तो दिवस जुलैचा. मला नुकतंच कळलं होतं, घरात आम्ही दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. हे म्हणाले आज सायकल नको. मीच म्हटलं चला, हळू जाऊ, जवळच जाऊ. जवळ म्हणता म्हणता लांब गेलो. ऊन असं की डांबर टायरला चिकटून चर्र चर्र वाजत होतं. दोन्ही बाटल्या संपल्या. माझ्या बाटलीत पुदिन्याचं सरबत होतं, हिरवंगार, तिकडं दुकानात मिळतं, त्याचा शेवटचा गरम घोट मी कधीच घेऊन टाकला होता. गावात पोचलो तर सगळं बंद. दुपारी तिकडं सगळं बंद असतं, पावाचं दुकान बंद, खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद, कुत्रंसुद्धा बंद. धुण्याच्या हौदावर पाटी होती, पिऊ नका म्हणून. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले.

हे म्हणाले, "थांब, ऑफिसातला तो म्हातारा सांगत होता, गावात पाणी नाही मिळालं तर सिमेट्रीत जायचं. तिथं नळ असतोच. फुलांना घालायला. सगळे सायकलवाले तिथंच भरतात."

"कुठं?"

"अगं, म्हणजे, ते त्यांचं..."

"स्मशानात?"

"बागेसारखं असतं गं ते. फुलंबिलं."

"अहो, मी अशी, आणि स्मशानात जाऊ?"

"मग मी भरून आणतो, तू बाहेर थांब."

पण बाहेर सावली नव्हती. सावली सगळी आत, त्या उंच काळ्या हिरव्या झाडांची. मला उभं राहवेना. मी सायकल टाकली आणि आत गेले. दगडाच्या कबरी, त्यांच्यावर चिनी मातीची फुलं, खरी फुलं, फोटो, आणि कोपऱ्यात भिंतीला पितळी नळ. एक आजी तिथं हिरवी झारी भरत होती. काळा झगा, पायात कॅनव्हासचे बूट. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पोटावरच्या हाताकडं बघितलं. मला तर कळलंही नव्हतं माझा हात तिथं आहे.

"बेबे?" आजी म्हणाली.

मी मान हलवली. सासूला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, आणि पहिली बातमी त्या आजीला, तीसुद्धा तिथं.

आजीनं झारी बाजूला घेतली, माझी बाटली ओढून घेतली, विसळली, भरली आणि माझ्या तोंडाशी धरली. मी प्यायले. गटागटा प्यायले. पाणी इतकं गार होतं की दात दुखले. आणि त्या पाण्याला पुदिन्याची चव होती, बाटलीतली राहिलेली. मग आजीनं झारी माझ्या पायांवर धरली, बूटमोज्यांसकट, आणि ओतत राहिली, बोलत राहिली, पावसासारखं काहीतरी बारीक बारीक. मला एक अक्षर कळलं नाही. उरलेलं पाणी तिनं एका कबरीवरच्या लाल फुलांना घातलं आणि त्या कबरीशीही त्याच आवाजात बोलली. माझ्याकडं बोट केलं, परत कबरीशी बोलली. नवरा असणार. त्याला सांगितलं असणार, कोण आलंय बघ.

आम्ही निघालो. गेटपर्यंत आलो आणि मागनं तिनं हाक मारली, "मादाम!"

मी मागं वळून बघितलं.

बाटलीचं झाकण नळावर राहिलं होतं. ती ते हातात धरून हलवत होती, हसत होती, तोंडात वरचा एक दात नव्हता. तेवढंच. पण आमच्याकडं स्मशानातनं निघताना मागं वळून बघायचं नसतं. लहानपणी आण्णा कुणाला पोचवून आले की अंगणातच थांबायचे, आई पाय धुवायला पाणी द्यायची, तोंडात कडुलिंबाचा पाला, आणि मग आत. आम्ही पोरं दारातनं बघायचो. मागं का बघायचं नाही असं मी एकदा विचारलं होतं, तर आई म्हणाली, "बघितलं की सोबत येतं." काय येतं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आणि यांना कौतुक. बातमी सांगायला म्हणून यांनी आईंना व्हिडिओ कॉल लावला, आणि सगळं झाल्यावर, हसणं रडणं झाल्यावर म्हणाले, "आई, तुझी सून स्मशानातलं पाणी पिऊन आली, आता हिला कोण घाबरवतंय!"

आईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतनं गेलं. "पाय धुतलेस का गं पोरी?"

"हो आई. एका आजीनं धुतले."

"मग झालं तर. मागं तर नाही ना वळून बघितलंस?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "बघितलं."

फोनमध्ये आमच्या घरचा पंखा फिरताना ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे. तिकडचं निराळं असतं. मी देवापुढं दिवा लावते." तेवढंच. परत कधी तो विषय त्यांनी काढला नाही. चांगल्या आहेत हो माझ्या सासूबाई, टोचून बोलत नाहीत. नुसतं विचारतात. दर आठवड्याला विचारतात, "काही बोलते का गं सई?" आणि मी नाही म्हटलं की गप्प होतात, आणि त्या गप्प होण्यात मला पंखा ऐकू येतो.

मग इकडं आलो. सई पोटात होती. सायकली डब्यात बंद होऊन जहाजानं आल्या. यांनी यांची चालवली थोडे दिवस, माझी डब्यातनं निघाली आणि हीटरच्या मागं गेली. इकडं घर मोठं आहे, गालिचा आहे, फ्रिज बर्फ पाडतो. पण घंटा नाही. मी पहिले कितीतरी दिवस दुपारी बाराची वाट बघायची. इकडं आवाज असतात, पानं उडवायच्या मशिनचा, एसीचा, लांबच्या हायवेचा, सगळे एका सुरात, दिवसभर, त्यांच्यात कुणी कुणाला हाक मारत नाही. म्हणून तर कळलं नाही मला, सई ऐकत नाही ते. ऐकण्यासारखं होतं काय?

"बाटली पण फोटोत ठेव," सईचे बाबा म्हणाले. "ओरिजिनल आहे, लोकांना आवडतं."

"सायकल विकू नका," मी म्हटलं.

"अगं, चालवणार कोण? गाडी चालवायला घाबरतेस, आणि सायकल?"

"गाडीला मी घाबरते. सायकलला कधी घाबरले?"

"उतारावर कोण बोंबलायचं?"

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. शेजारच्या स्मिताताई कुंड्यांवरची पिवळी पूड पाइपनं धूत होत्या, नागपूरच्या आहेत, कान इकडंच. म्हणाल्या, "सीट हवी का पोरीसाठी? आमच्या अथर्वची पडून आहे गॅरेजात. घेऊन जा, काहून विकून राहिले तुम्ही?" आणि मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, "सोमवारचं टेन्शन आहे ना? अगं, होते सगळं बरं. ऐकू नाही आलं तर मशीन मिळते इतकुशी, गुलाबी रंगाची पण असते. पोरगी तीच राहते ना." चांगल्या मनानं म्हणाल्या. मी मान हलवली आणि आत जाऊन बेसिनचा नळ सोडून रडले.

अथर्वची सीट माझ्या सायकलीला लावली आणि रविवारी सकाळी आम्ही निघालो. झाडीतनं सायकलींचा रस्ता आहे आमच्या घरामागनं, तो संपला की गावाबाहेरचा डांबरी रस्ता लागतो, कुंपणं, घोडे, तंबाखूची जुनी पडकी कोठारं. हे पुढं, मी मागं, आणि माझ्या मागं सीटवर सई, डोक्यावर अथर्वचं जुनं हेल्मेट. मी चढाला धापा टाकत होते आणि बोलत होते, सगळं बोलत होते, बघ घोडा, बघ निळा पक्षी, बघ बाबा कसे पळाले, आणि मला माहीत होतं की माझ्या पाठीमागं तिला ऐकू जातंय का नाही ते मला दिसत नाहीये. तिचा हात तेवढा माझ्या पाठीवर होता. मी बोलले की पाठ थरथरते ना, तो थरथराट ती हातानं धरत असेल. उतार आला आणि मी ब्रेक सोडले. कधी नव्हे ते सोडले.

पुढं यांचं टायर पंक्चर झालं. रस्त्याकडेला बसून टायर काढायला लागले. सईनं बाटली उलटी करून सगळं पाणी डांबरावर सांडलं, त्यात हात माखले, मग तेच पिवळे हात डोळ्यांना.

"तिकडं चर्च आहे बघ," हे टायरमधनं मान वर न करता म्हणाले. "मागं नळ असेल, धुवून आण." आणि मग त्यांना आठवलं. मान वर केली. "राहू दे. मी जातो थांब."

"तुम्ही टायर करा," मी म्हटलं.

पांढरं लाकडी चर्च, लहानसं. मागं कबरी, हिरवळीत, बुटक्या दगडांच्या, मधनं मधनं प्लास्टिकची फुलं, छोटे झेंडे, सगळ्यावर पिवळी पूड. भिंत नाही, काळी झाडं नाहीत, एक कमरेएवढं कुंपण आणि लोखंडी फाटक. फाटकाशी माझे पाय अडले. सई माझा हात सोडून आत पळाली. तिला काय माहीत. मला तिच्या मागं जावंच लागलं.

नळ जमिनीतनं वर आलेला होता, वर लोखंडी दांडा, तो उचलला की पाणी. मी तिचे हात धुतले, डोळे धुतले, मग बूट काढून पाय धुतले. माझेही धुतले. पाणी गार होतं. सई हसली, तिचं हसणं आवाजाचं असतं, ते मी सांगायचं विसरले. मग तिनं माझ्या हातातनं भरलेली बाटली ओढली आणि जवळच्या एका दगडापुढं खरी फुलं लावली होती, सुकत आलेली, त्यांच्यावर पाणी ओतलं. कुणी शिकवलं हिला? मी तर नाही. मी त्या दगडाकडं बघून मनात म्हटलं, आजोबा, आजी, कोण असाल ते, लेकरू आहे, रागवू नका.

बाटली रिकामी झाली तशी तिनं ती गवतात टाकली आणि फाटकाकडं निघाली. अनवाणी, दुडूदुडू. मी दांडा दाबून नळ बंद केला, बाटली उचलली, बूट उचलले, आणि मान वर केली तेव्हा ती बरीच पुढं गेली होती. फाटकापलीकडं रस्ता. आणि मला एकदम कळलं की मी कुठं उभी आहे. खाली गवत, मऊ, ओलं. फरशी नाही हादरायला. ऊन समोरनं होतं, माझी सावली माझ्या पाठीमागं पडलेली, तिच्यापर्यंत जायचीच नव्हती. वारा नव्हता. हातात ताट नव्हतं. होता फक्त माझा आवाज.

"सई."

ती चालत राहिली.

वाटलं झालं, कळलं, सोमवारी कशाला जायचं आता. आणि तेवढ्यात, खरं सांगते, मला ते पिवळं गाव आठवलं, बारा टोले झाल्यावरची ती शांतता, ज्याला पहिल्यांदा ऐकू आलं नाही त्याच्यासाठी थांबलेलं गाव. मी थांबले. श्वास मोजल्यासारखी थांबले.

मग परत, तशीच, जोरात नाही, "सई."

ती थांबली. एक पाय उचललेला तसाच राहिला. आणि तिनं मागं वळून बघितलं.

सरळ माझ्याकडं बघितलं. पक्ष्याकडं नाही, झाडाकडं नाही. हेल्मेट एका कानावर कललेलं, तोंड उघडं, भुवयांवर पिवळी पूड.

तिसऱ्यांदा हाक मारायचं माझं धाडस झालं नाही.

"मिळालं का पाणी?" रस्त्यावरनं हे ओरडले. सोमवारी वायरी लावतील, काय म्हणायचं ते म्हणतील, कदाचित गुलाबी मशीन लागेल, कदाचित एकाच कानाला ऐकू येत असेल, कदाचित नशिबानं त्याच क्षणाला ती दमून थांबली असेल. मला काय कळतंय. मी बाटलीला झाकण लावायला गेले, ते बसेना.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन येईल. त्या विचारतील, भीत भीत, आणि मग गप्प होतील. त्या गप्प व्हायच्या आत मी त्यांना सांगणार आहे, आई, स्मशानातनं निघताना मागं वळून बघितलं. सईनं. मी हाक मारली म्हणून.